तीस दिवसांत पक्का

पुण्यात सिग्नल लाल असताना, झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे, एखादी मोटरसायकल आपणहून थांबलेली दिसली तर तीनच शक्यता असतात. गाडीतलं पेट्रोल संपलंय, पुढे झाडाआड ट्रॅफिकचे मामा उभे आहेत, किंवा चालवणारा शिकाऊ आहे. पेट्रोल संपलं असेल तर माणूस खाली उतरून गाडी आडवी करून हलवताना दिसतो. मामा असतील तर आणखी चाळीस गाड्याही थांबलेल्या असतात आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर जन्मजात सज्जनपणा असतो. पण गाडी एकटीच थांबली असेल, तिचा डावा इंडिकेटर मागच्या तीन चौकांपासून लुकलुकत असेल आणि चालवणारा दोन्ही पाय जमिनीत रोवून सिग्नलच्या उतरत्या आकड्यांकडे टक लावून बघत असेल, तर तो नक्की शिकाऊ. आकडा सातवर आला की मागची मंडळी हॉर्न वाजवून त्याच्या शिक्षणाला हातभार लावतात.

मला या जमातीबद्दल फार आदर आहे. आपल्या रस्त्यावर ज्याला नियम येतात आणि जो ते पाळतोही, असा एवढा एकच माणूस उरलाय. वळायच्या आधी तो इंडिकेटर देतो. आरशात बघतो, तेही भांग बघायला नाही. शाळेपाशी वेग कमी करतो. आजी रस्ता ओलांडत असतील तर थांबतो. आजींना याची सवय नसल्यामुळे त्याही थांबतात, आणि मग बराच वेळ दोघं एकमेकांना 'तुम्ही आधी' म्हणत राहतात.

कच्चं लायसन्स मिळाल्यावर किमान तीस दिवस गेल्याशिवाय पक्क्याची चाचणी देता येत नाही, असा कायदा आहे. कच्च्याची मुदत सहा महिन्यांची. हे तीस दिवस सरावासाठी ठेवलेत अशी सरकारची समजूत आहे. माझं निरीक्षण वेगळं आहे. नीट गाडी चालवणाऱ्या माणसाला बिघडवायला समाजाला साधारण एवढाच वेळ लागतो.

हे निरीक्षण मी गॅलरीतून केलेलं आहे. आमची गल्ली कोथरूडात आहे आणि पुढे बंद आहे. इथे घर घेताना एजंटाने 'शांतता' हा तिचा मुख्य गुण सांगितला होता. बारावीची परीक्षा संपेपर्यंत तो खराही असतो. मग आसपासच्या सोसायट्यांतली नवी पिढी आपापल्या गाड्या आणि आपापले पालक घेऊन इथे उतरते, कारण इथे समोरून काही येत नाही. सकाळी साडेसहाला पहिली गाडी पहिल्यांदा बंद पडते. मी चहाचा कप घेऊन गॅलरीत येतो.

पण शिक्षणाची सुरुवात गल्लीत होत नाही, दिवाणखान्यात होते. २०२१ पासून महाराष्ट्रात कच्च्या लायसन्सची परीक्षा घरबसल्या देता येते. नियमाप्रमाणे ती एकट्याने द्यायची असते. पण घरात एखादी गोष्ट एकट्याने करण्याची सोय मराठी मध्यमवर्गाने अजून केलेली नाही. मुलगा खुर्चीवर बसला की दारात बाबा, बाबांच्या मागे आई आणि कोचावर आजोबा असतातच. प्रश्नाला तीन पर्याय असतात. पादचारी रस्ता ओलांडायला उभे आहेत, तर तुम्ही काय कराल? हॉर्न वाजवून पुढे जाल, वेग कमी करून हॉर्न वाजवत जाल, की थांबून त्यांना जाऊ द्याल? अरुंद पुलावर समोरून गाडी शिरतेय. वेग वाढवाल, दिवा लावून घुसाल, की ती पार होईपर्यंत थांबाल?

या प्रश्नांतले चुकीचे पर्याय ज्याने कुणी लिहिलेत, त्याने ते टेबलाशी बसून लिहिलेले नाहीत. तो माणूस नक्की लक्ष्मी रोडला वही घेऊन उभा होता. बरोबर उत्तर मात्र त्याला स्वतःच्या कल्पनेने लिहावं लागलं असणार. आजोबा कोचावरून ठामपणे "हॉर्न वाजवायचा आणि जायचं" म्हणतात. ते पन्नास वर्षांच्या अनुभवातून बोलत असतात. मुलगा त्यांचं न ऐकता 'थांबाल'वर बोट ठेवतो आणि पास होतो. पास व्हायला साठ टक्के पुरतात. म्हणजे शंभरातल्या चाळीस प्रसंगी चुकीचं वागण्याची मुभा पहिल्याच दिवशी पदरात पडते. पुढे माणूस ती काटकसरीने वापरत नाही, इतकंच.

यानंतरचा पहिला आठवडा बाबांचा.

"क्लच दाब. पहिला टाक. आता क्लच हळूच सोड. हळू. अरे, हळू म्हणतोय ना! सोड… सोड… सोडू नकोस!"

गाडी एक उडी मारते आणि बंद पडते.

"बाबा, सोडू की नको?"

"सोडायचा, पण सोडायचा नाही. एवढं साधं कळत नाही?"

हे वाक्य कीर्तनात चाललं असतं. क्लचवर ते बोटांत उतरावं लागतं. इंजिन आणि चाक यांची गाठ एकदम न घालता घसरत-घसरत घालायची, एवढंच त्यात असतं. पण ज्याला ते जमतं त्याला ते कसं जमतं हे सांगता येत नाही आणि ज्याला सांगता येतं तो यूट्यूबवर असतो. बाबांची अडचण आणखी खोल आहे. ते स्वतः शिकले चेतकवर. १९७२ साली आलेली ही स्कूटर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघून मिळायची. तिचे गिअर डाव्या मुठीत, इंजिन उजव्या कुशीला, आणि सुरू होत नसली तर आधी तिला आडवी करायची, मग किक. बाबांच्या डोक्यात अजून ती गाडी आहे. त्यामुळे मुलाच्या मोटरसायकलचा गिअर अडकला की ते सवयीने त्याची डावी मूठ पिळायला जातात, आणि मुलगा ओरडतो, "बाबा, तुम्ही हात काढा आधी!"

कायद्याचं म्हणणं असं की, शिकाऊ माणसाबरोबर लायसन्सवाला शिक्षक हवा आणि तो गाडी ताब्यात ठेवता येईल किंवा थांबवता येईल अशा जागी बसलेला हवा. मोटारीच्या बाबतीत हे ठीक आहे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. मोटरसायकलवर अशी जागा कुठली, याचा शोध आमच्या गल्लीतला पालकवर्ग कित्येक उन्हाळे घेत आलाय. टाकीवर बसता येत नाही. हँडलवर बसणं त्या वयात शोभत नाही. शेवटी बाबा मागेच बसतात आणि गाडी थांबवायला जे एकमेव साधन त्यांच्यापाशी असतं ते वापरतात, म्हणजे स्वतःच्या दोन चपला. गल्लीभर खर्र असा आवाज येतो. मे महिन्यात कोपऱ्यावरच्या चपला दुरुस्त करणाऱ्याचा मोसम असतो.

पाटीचंही तेच. पांढऱ्या पाटीवर लाल 'एल', पाटी निदान १८ सेंटिमीटर लांब-रुंद, अक्षर १० सेंटिमीटर उंच, पुढे एक आणि मागे एक, असा नियम आहे. प्रत्यक्षात नंबरप्लेटच्या कोपऱ्यात लाल चिकटपट्टीचे दोन तुकडे असतात, तेही मडगार्डच्या सावलीत. मोठी पाटी का नाही लावत, असं मी एकदा खाली वाकून विचारलं. बाबा म्हणाले, "पाटी बघितली की लोक जास्त दाबतात हो." आणि हे अगदी खरं आहे. मोटारीच्या टपावर 'शिकाऊ' दिसलं की लोक लांब राहतात, कारण ती आपल्यावर येईल अशी भीती असते. दुचाकीवर ते दिसलं की लोक जवळ येतात, कारण ती बाजूला होईल अशी खात्री असते.

बाबांचा शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा धडा म्हणजे, "पुढचा ब्रेक कधीही मारायचा नाही. पालथा होशील." हा धडा घराण्यात चालत आलेला आहे आणि तो उलटा आहे. गाडी थांबायला लागली की भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचं चाक हलकं होतं, त्यामुळे थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. हँडल सरळ ठेवायचं, दोन्ही ब्रेक लावायचे आणि पुढचा हिसका न देता दाबत न्यायचा. नुसता मागचा करकचून दाबला तर चाक अडकतं आणि गाडीची शेपटी बाजूला निघते. गाड्या बनवणाऱ्यांना आणि सरकारला हे ठाऊक आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं आणि त्याखालच्या गाड्यांना निदान दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय. म्हणजे मुलगा वडिलांच्या आज्ञेप्रमाणे मागचा ब्रेक दाबतो आणि गाडी त्याच्या वडिलांना न विचारता पुढचाही थोडा लावते.

दुसरा आठवडा काकांचा. काकांकडे बुलेट आहे. बुलेट असलेल्या माणसाला गाडी चालवता येते का, हा प्रश्न आपल्याकडे विचारत नाहीत. काकांचं मत असं की, गल्लीत गाडी येत नाही, गाडी रस्त्यावर येते. म्हणून रविवारी सकाळी ते पुतण्याला भोसरीच्या एमआयडीसीत नेतात. कारखाने बंद, रस्ते रुंद, कुत्री सोडून कुणी नाही. तिथे पुतण्या सुरेख चालवतो. तिसरा, चौथा, परत तिसरा. वळणावर इंडिकेटर देतो, आणि काकांचा खरा अभ्यासक्रम तिथे सुरू होतो.

"इंडिकेटर कशाला दिलास?"

"वळायचं होतं ना, काका."

"मग वळ की! सांगतोस कशाला सगळ्यांना? सांगितलंस की मागचा वेग वाढवतो."

यावर काय बोलावं पुतण्याला कळत नाही, आणि मलाही कळलं नसतं. कारण काका तंतोतंत खरं बोलताहेत. आपल्याकडे इंडिकेटर हा गुपित फोडण्याचा प्रकार आहे. उजवीकडे दिवा लागला रे लागला की उजवीकडून दोन स्कूटर, एक रिक्षा आणि दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल 'हा वळायच्या आत' निघून जायला धावतात. म्हणून जाणती माणसं इंडिकेटर वळून झाल्यावर देतात, किंवा डावा पाय जरासा बाहेर काढतात, किंवा नुसती मान हलवतात. मागे काकू असतील तर त्यांचा हात बाहेर येतो. तो वळण्यासाठी आहे, की कुणाला ओळख दाखवण्यासाठी, की त्या फक्त भाजीचे भाव सांगताहेत, हे मागच्याने अनुभवाने ओळखायचं.

काकांचा दुसरा आक्षेप अंतराबद्दल. "एवढं लांब काय राहतोस? चिकटून चल." पुतण्याने पुस्तकात वाचलेलं असतं आणि हिशेबही त्याच्या बाजूने आहे. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे जाते. समोर कुत्रं आलं, ते कुत्रं आहे हे डोक्याला कळलं आणि बोटं ब्रेकवर गेली, एवढ्यात साधारण सेकंद जातो. म्हणजे ११ मीटर ब्रेक न लावताच संपलेले असतात. थांबायला लागणारं अंतर वेगळंच. पण पुण्याच्या रस्त्यावर दोन गाड्यांमध्ये ११ मीटर जागा ठेवून बघा. तिच्यात तीन रिक्षा आणि एक टेम्पो शिरतो. त्यांच्यापासून पुन्हा अंतर ठेवावं तर आणखी चौघं शिरतात. नियमाने चालणारा माणूस अशा रीतीने हळूहळू मागे मागे सरकत राहतो आणि कर्वे रोडवरून निघालेला संध्याकाळी कर्वे रोडवरच असतो. म्हणून पुतण्या चिकटून चालायला शिकतो. काका खूश होतात. "आता आला हात," म्हणतात.

इथे मुलींबद्दल बोलायला हवं, कारण या सगळ्या शाळेत त्यांना वेगळ्या बाकावर बसवतात. मुलगा गाडी पाडतो तेव्हा "शिकतोय" म्हणतात. मुलगी नुसती सावकाश चालली तरी अख्ख्या चौकाला विनोद सुचतो. ती बिचारी स्कार्फचे तीन वेढे बांधून, हातमोजे चढवून, दोन्ही आरसे नीट लावून, लेन न सोडता चाललेली असते. पाय मात्र दोन्ही बाजूंना लोंबते ठेवते, ही तिची चूक. पण ती आठवड्यात जाते. तिच्या डाव्या बाजूने फूटपाथवर चढून पुढे गेलेला तरुण मागे वळून तिच्याकडे तुच्छतेने बघतो. वळून बघताना पुढे काय आहे ते त्याला दिसत नाही. पुढे बस आहे.

तिसरा आठवडा मित्रांचा. आतापर्यंत गाडी हे वाहन होतं. मित्र तिचं व्यक्तिमत्त्व करतात. पहिल्याच दिवशी आरसे उतरतात, कारण आरशांनी 'लूक' जातो. मग सायलेन्सर बदलतो. असले जप्त केलेले सायलेन्सर पोलीस मधूनमधून ओळीने मांडून वरून रोडरोलर फिरवतात. त्याचे फोटो छापून येतात आणि आमच्या गल्लीत त्या फोटोंकडे नव्या मॉडेलांचा कॅटलॉग म्हणून बघतात. नंबरप्लेटवर ४१४१ असेल तर ते 'दादा' होतं आणि मालक अठरा वर्षांचा असला तरी बघणाऱ्याने ते मान्य करायचं असतं.

अठरा वर्षांचा असला तर बरंच म्हणायचं. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं, पण ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, आणि अशी पेट्रोलची गाडी आज दुकानात शोधून सापडत नाही. सापडत नाही म्हणून मुलं ११० सीसीवर बसतात आणि बाबा कौतुकाने सांगतात, "आठवीपासून चालवतो. पाय पोचत नव्हते तेव्हापासून." २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात या कौतुकाची किंमत लिहिलेली आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. हे ऐकवलं की बाबा म्हणतात, "आपल्या एरियात नाही धरत."

मित्रांचा मुख्य विषय ट्रिपल सीट. कायद्याने मागे एकच माणूस बसू शकतो. शिकाऊच्या मागे तर शिकवणारा सोडून कुणीच नाही. पण गाडीची सीट लांब बनवलेली असते आणि मैत्रीही. तिघांत पुढचा फक्त हँडल धरतो. निर्णय मधला घेतो. "बसेल… बसेल… जाईल रे… घाल!" हे वाक्य मधल्याचं. तिसरा निम्मा सीटवर आणि निम्मा नंबरप्लेटवर असतो. तो मागून येणाऱ्यांशी संवाद साधतो. जून लागला की ही त्रिमूर्ती सिंहगडाच्या दिशेने निघते. पहिल्या पावसात रस्त्यावरचं महिनोन्‌महिन्यांचं तेल आणि धूळ वर येऊन साबण तयार झालेला असतो, हे त्यांना खडकवासल्याच्या अलीकडे समजतं. सुदैवाने वेग कमी असतो, कारण तिघं असतात. घरी येताना पँट गुडघ्यावर फाटलेली असते. "क्रिकेट खेळताना पडलो," असं आईला सांगतात. पावसात क्रिकेट कुठलं, हे आई विचारत नाही. फक्त संध्याकाळी गाडीची किल्ली तिच्या पर्समध्ये असते.

चौथा आठवडा रस्त्याचा. रस्ता म्हणजे तुम्ही-आम्ही. आपल्या लोकांवर माणुसकी नसल्याचा आरोप होतो तो अन्यायाचा आहे. तुमच्या गाडीचा साइड स्टँड खाली राहू द्या, शंभर पावलांत चार अनोळखी माणसं जिवाच्या आकांताने ओरडतील, "ओ दादा, स्टँड!" ओढणी मागच्या चाकाकडे झेपावली की सिग्नलवरची अख्खी रांग "ताई, ओढणी!" म्हणते. मागच्या चाकाला जाळी असावी असा नियमच आहे, पण ओढणी नियम वाचत नाही. तिथे ही रांग कामाला येते. हे आपलं खरोखर मोठं समाजकार्य आहे आणि त्याची कुठे नोंद नाही.

फक्त ते कुठे थांबवायचं ते आपल्याला कळत नाही. एप्रिल २०१७ पासून येणाऱ्या नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत लागलेलाच राहतो. तो दिवसाही दुरून दिसावा म्हणून तसा केलाय आणि बंद करायचं बटण गाडीला नसतंच. तरी समोरून येणारा प्रत्येक सज्जन पंजा उघडमीट करून शिकाऊला सांगतो, "लाइट चालू आहे!" शिकाऊ नवा असतो, आज्ञाधारक असतो. तो खाली बघतो, बटण शोधायला एक हात सोडतो, गाडी डुगडुगते आणि शेजारच्या रिक्षाला लागता लागता राहते. रिक्षावाले काका त्याच्या वडिलांची चौकशी करतात. तोवर दिव्याची काळजी वाहणारा सज्जन लांब गेलेला असतो. तो मुळात राँग साइडने येत होता.

आता हेल्मेट. हा विषय पुण्यात काढायचा म्हणजे आधी बसून घ्यावं लागतं. २०१६ साली परिवहनमंत्र्यांनी 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' अशी घोषणा केली, ती फार दिवस टिकली नाही. २०१९ च्या जानेवारीत पोलिसांनी सक्ती जोरात सुरू केली, तेव्हा लोकांनी पुणेरी पगड्या घालून दुचाकीवरून मोर्चा काढला. पगडी शोभिवंत असते यात वादच नाही, पण तिच्यावर आयएसआयचा शिक्का नसतो. हेल्मेटविरुद्धचे मुद्दे आमच्याकडे पाठ आहेत. मान दुखते, केस जातात, मागचा हॉर्न ऐकू येत नाही. शेवटचा मुद्दा मांडणाऱ्याच्या कानात इअरफोन असतो. हेल्मेट नसतं असंही नाही. ते सीटखालच्या डिकीत असतं. 'पूर्ण हेल्मेट मावेल एवढी डिकी' अशी स्कूटरची जाहिरात असते. ती वाचून लोकांची समजूत झाली असावी की, हेल्मेट मावण्याची जागा तीच. काहींचं हेल्मेट डोक्यावर असतं, पण पट्टा मोकळा. माणूस पडला की ते सर्वांच्या आधी बाजूला होतं, दिवाळी अंकांच्या पहिल्या पानांवर शुभेच्छा देऊन निघून जाणाऱ्या पुढाऱ्यासारखं.

या बाबतीतला सरकारी अहवाल मी वाचला. त्यात विनोद नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ५०,०२९ हेल्मेट न घातलेली होती. चालवणारी आणि मागे बसलेली मिळून. म्हणजे रोजची १३७. मान दुखण्याची तक्रार त्यांच्यातल्याही पुष्कळांनी केली असेल. आमच्या गल्लीतली आई रोज तिसऱ्या मजल्यावरून "हेल्मेट घातलंस का?" विचारते आणि खालून रोज "आई, इथेच तर आहे!" येतं. त्या १३७ जणांमध्येही 'इथेच' निघालेले कितीतरी असणार. लांब निघालेला माणूस तयारी करून निघतो. दही आणायला निघालेला तसाच निघतो.

तीस दिवस भरले की चाचणी. आरटीओच्या मैदानावर पांढऱ्या पट्ट्यांमधून इंग्रजी आठचा आकडा काढून दाखवायचा, पाय न टेकता. हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नाही. गाडी सावकाश चालवणं वेगात चालवण्यापेक्षा अवघड असतं. क्लच अर्धा, मागच्या ब्रेकवर हलका पाय, आणि नजर चाकाकडे न ठेवता जिकडे जायचं तिकडे, हे सगळं एका वेळी जमावं लागतं. फक्त त्या मैदानात म्हशी नसतात, राँग साइडचा सज्जन नसतो, मागे हॉर्न नसतो आणि मधला मित्र नसतो. ते असते तर आठ कुणीही नीट काढला नसता, मीही नाही.

त्या दिवशी एक चमत्कार मात्र बघायला मिळतो. उतरवलेले आरसे पुन्हा बसतात. जुना सायलेन्सर परत येतो. हेल्मेट डोक्यावर चढतं, पट्टा टक्‌ करून लागतो. ज्याने आणलेलं नाही तो रांगेतल्या मागच्याचं मागून घेतो, आणि एकच हेल्मेट दुपारपर्यंत दहा-बारा डोक्यांचं संरक्षण करतं. पोरं इंडिकेटर देतात. 'थांबा'च्या रेषेवर थांबतात. अधिकाऱ्याने वही मिटेपर्यंत प्रत्येक जण देशातला आदर्श चालक असतो. म्हणजे बाबा, काका, मित्र आणि तुम्ही-आम्ही महिनाभर एवढे कष्ट घेऊनही त्यांच्या आत सगळं शाबूत असतं. कुणी बघत असेल तर ते बाहेर येतं.

मग पोस्टाने कार्ड येतं. तिशीच्या आत काढलेलं लायसन्स चाळिसाव्या वर्षापर्यंत चालतं. अठराव्या वर्षी एका सकाळी दाखवलेली वागणूक बावीस वर्षं टिकेल, असा शासनाचा आपल्यावर विश्वास आहे. चाळिशीनंतर नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो. त्या फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे. अर्जदाराला लाल आणि हिरवा रंग वेगळे ओळखता येतात का?

डॉक्टर 'हो' लिहितात, आणि ते खोटं नसतं. आपल्याकडे लाल सगळ्यांना दिसतो. अजून सात सेकंद उरलेत हेही दिसतं. झेब्रा क्रॉसिंगवर अडकलेल्या आजी दिसतात, पुढचे मामा तर दोन चौक आधीपासून दिसतात. तेव्हा डोळ्यांची चौकशी आता पुरे झाली. माझी सूचना एवढीच की, त्या फॉर्ममध्ये खाली आणखी एक ओळ घालावी, 'लाल दिसल्यावर काय करता?' आणि त्या रकान्यात सही करायला डॉक्टर बोलावू नयेत. कच्चं लायसन्स निघून आठवडाही न झालेलं कुठलंही पोर बोलवावं. एवढा लायक परीक्षक नंतर मिळत नाही.